बुफेला गेल्यावर तुम्ही आधी काय वाढून घेता? (आणि आमचा गणपतीपुळ्याचा रविवार)

भाट्याची वाळू

आईला यंदा वाढदिवसाला साडी नको होती. कपाटात घडी न मोडलेल्या साड्यांची चळत आहे, त्यात आणखी भर कशाला, असं तिनेच सांगून टाकलं. मग आई, मावशी, मी, नवरा आणि लेक असे रविवारी गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या एका मोठ्या हॉटेलात दुपारच्या बुफेला गेलो. माणशी १,४०० रुपये, वर कर, लेकीचे अर्धे. आमच्या घरात एका जेवणावर एवढे पैसे एरवी कोणी घालत नाही. आकडा आईला आधी सांगितलाच नव्हता. तिने तो दारातल्या पाटीवर वाचला आणि मला कोपराने ढोसलं, पण मागे फिरली नाही.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. पावसला मठात येणाऱ्या लोकांसाठी तिने बरीच वर्षं घरगुती जेवण दिलं. राइसप्लेट, एकादशीला उपासाची थाळी, उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे. त्यामुळे पाहुणी म्हणून शिरली तरी नजर धंद्यातलीच. ताट हातात न घेता तिने आधी अख्खी फेरी मारली आणि एकेक झाकण उचलून आत डोकावली. मावशीला धास्ती, की ही आता कोणाला तरी काहीतरी सुनावणार. पण ती नुसतीच परत आली नि म्हणाली, "डाळीला फोडणी दोनदा दिल्येय. पहिली विसरले असतील नाहीतर आंबट झाली असेल. बाकी नीट आहे."

पदार्थ सगळे सांगत बसत नाही. सूप, सॅलडचे वाडगे, चाट, समोर परतून देतात तो पास्ता, तंदुरी, पनीरचे दोन प्रकार, हे कुठल्याही शहरात असतं तसंच होतं. नवरा मात्र तंदुरीपाशी रमला, त्याचं त्याला लखलाभ. आम्ही तिघी गेलो त्या कोपऱ्यात, जिथे तव्यावर घावणे घालत होते. त्याच्या बाजूला फणसाची भाजी, बांगड्याचं तिखलं, सुरमई फ्राय, कोंबडी-वडे, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. आणि सगळ्यात टोकाला, खांबाच्या आड, एका लहानशा भांड्यात ओल्या काजूची उसळ.

ओल्या काजूगरांचा बाजारभाव माहीत असलेल्या बाईला बुफेत कुठे उभं राहायचं ते सांगावं लागत नाही. आईने पहिल्यांदा उसळ घेतली, मग पुन्हा उसळ घेतली, मग घावण्याबरोबर उसळ घेतली. ज्यांनी ओले काजू सोललेत त्यांना ठाऊक आहे, त्याच्या चिकाने बोटांची सालं निघतात, राख लावा नाहीतर तेल लावा. "दुसऱ्या कोणाचे तरी हात गेलेत, मला काय," असं म्हणून ती हसली. थोड्या वेळाने घावणे घालणाऱ्या मुलीला जाऊन विचारूनही आली, की काजू कोण सोलतं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका सोलून आणून देतात म्हणे. भाव काय देतात तेही विचारलं. तो आकडा काही तिला पटला नाही.

तिखलं उत्तम. तिरफळं ठेचून घातलेली, रस बांगड्याला लपेटलेला. सुरमईचा पहिला ट्रे कुरकुरीत होता, दुसऱ्या वेळी गेले तर रवा ओला झालेला. आणि समुद्र खिडकीतून दिसत असताना 'फिश इन लेमन बटर' म्हणून जे ठेवलं होतं तो चक्क बासा, तळ्यात पाळलेला मासा! त्याला मी बोट लावलं नाही.

मावशीला सगळं आवडलं, एक गोष्ट सोडून. "इथे आग्रह करायला कोणी नाही. मग पोट भरलं कसं कळायचं?" असा तिचा प्रश्न होता. गोडाच्या टेबलापाशी तो तिचा तिने सोडवला. आमरस, सांदण, मोदक, मग पुन्हा आमरस. चॉकलेट पेस्ट्रीकडे फक्त लेक फिरकली.

आता मला तुमची पद्धत ऐकायची आहे. आधी फेरी मारता की दिसेल ते घेता? घरी रोज जे खातो ते तिथे जाऊन खाणं म्हणजे पैसे फुकट, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, पण ते नंतर लिहीन.

ओला नारळ

भर दुपारी कामाच्या टेबलावर डबा उघडून हे वाचलं. डब्यात दुधी. निषेध!

माझी पद्धत: सूप नाही, पाव नाही, पहिल्या ताटात भात नाही. प्रत्येक पदार्थ चमचाभर घ्यायचा, मग जे आवडलं त्याचंच दुसरं ताट. आणि पाणी घोट घोट. थंड पेयाचे ग्लास आल्या आल्या हातात देतात ना, तो सापळा आहे. दोन ग्लास कोकम सरबत पोटात गेलं की माणूस निम्म्यावर येतो.

दर्यावर्दी

आवो, पैशे देऊन तिखला खावक पुळ्याक कित्याक जातास? मालवणात येवा, खानावळीत बसा, बांगडो तव्यावरसून थेट ताटात. चेष्टा करतंय हां. आवशीक घेवन गेलास ता बरा केलास.

हिशेबनीस

पाटीवरच्या दराखाली बारीक अक्षरात 'अधिक कर' असतं, तिथे लोक फसतात म्हणून लिहितो. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातो, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे तुमचे १,४०० एका ठिकाणी १,४७० होतात आणि दुसऱ्या ठिकाणी १,६५२. पाच माणसं असली की हा फरक दिसतो. फोन करून 'सगळं धरून किती' एवढंच विचारायचं.

दुसरं, सर्व्हिस चार्ज. तो कर नाही, सरकारकडे जात नाही. बिलात आपोआप लावता येत नाही असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढले होते, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. आवाज न चढवता 'हा काढून द्या' म्हणायचं. वाढणाऱ्या पोराच्या हातात खुशीने जे द्यायचं ते वेगळं द्या, ते त्याला तरी मिळेल.

फणसगरा

शाकाहारी माणसाने १,४०० रुपये देऊन करायचं काय? माझ्या ताटात पनीर, डाळ, जिरा राइस. शेजारच्या ताटात कोळंबी. दर सारखाच. शिवाय लोक तिखल्यातला डाव उचलून खुशाल फणसाच्या भाजीत घालतात, ते पाहिलं की माझी भूकच जाते.

तव्यावरचा धूर

या विषयावर गप्प बसवत नाही. हॉटेलांच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढलीत, आता गुहागरजवळ स्वतःचा लहान होमस्टे आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

बुफेची लाइन उगाच लागत नाही. आधी सॅलड, पाव, सूप, मग भात-नूडल्स, कारण ताट रिकामं असताना हात सैल सुटतो. महाग वस्तू एकतर टोकाला नाहीतर लाइव्ह काउंटरवर. तिथे वाढणारा हात आमचा असतो, तुमचा नाही. भाताला मोठा डाव आणि कोळंबीला लहान चमचा, हेही आम्हीच ठरवतो. आईंनी ताटाआधी फेरी मारली, तिथेच त्या जिंकल्या. ओल्या काजूची उसळ खांबाआड होती याचं मला जराही नवल वाटलं नाही. :)

आता सुरमई. त्या चकचकीत भांड्याला आम्ही चेफिंग डिश म्हणतो. खाली पाण्याचा ट्रे, त्याखाली जेलचा डबा पेटलेला, वाफेवर पदार्थ गरम राहतो. रस्सा, उसळ, डाळ, तिखलं यांना ही वाफ मानवते. तिखलं तर मुरल्यावर जास्तच चांगलं लागतं. पण तळलेल्या वस्तूचं झाकण पडलं की तिचीच वाफ वर जाऊन थेंब होऊन तिच्यावर पडते. रवा ओला होणारच. वड्यांचंही तेच. म्हणून सुरमई नवीन ट्रे आला की घ्यायची, नाहीतर तव्यावरच्या माणसाला सांगायचं, 'दोन तुकडे माझ्यासमोर टाक'. नव्वद टक्के वेळा तो नाही म्हणत नाही.

चांगलं किचन कसं ओळखायचं? भांडी काठोकाठ भरलेली दिसली की मला शंका येते. थोडं थोडं भरून वरचेवर बदलणं मेहनतीचं काम आहे, पण पदार्थ ताजा राहतो. जुन्या ट्रेवर नवा माल ओतताना दिसले तर त्या पदार्थाच्या वाटेला जाऊ नका. गरम वस्तू ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड वस्तू ५ अंशांच्या खाली, हा नियम. मधल्या तापमानात जंतूंची चंगळ. आपल्याकडे मे महिन्याच्या दमटपणात मेयोनीजचं सॅलड बर्फावर ठेवलेलं नसेल तर सोडून द्या. सोलकढीही थंडच हवी. उकाड्यात बाहेर राहिली की नारळाचं दूध आणि आगळ (कोकमाचा रस) यांची फारकत होते, वर चोथा खाली गुलाबी पाणी.

बासाबद्दल मात्र आमची बाजू ऐका. घाटावरून येणाऱ्या कुटुंबांत लहान मुलं असतात, काट्याला घाबरणारी मोठी माणसंही असतात. बासाला काटा नाही, वास नाही, तुकडा वर्षभर एकाच मापाचा, भाव परवडणारा. तो तुमच्यासाठी नसतोच. तुम्ही बाजूने निघून जायचं.

@फणसगरा, डाव सरमिसळ होऊ नये म्हणून शाकाहारी लाइन वेगळी ठेवणारी हॉटेलं बरीच आहेत. टेबल सांगतानाच विचारा. नसेल तर किचनमधून ताजी वाटी आणून द्यायला सांगा. यात मागणाऱ्याला कमीपणा नाही आणि देणाऱ्याला जड नाही. दरांचं म्हणाल तर ते दुखणं खरं आहे, माझ्याकडे औषध नाही.

ओला नारळ

धूर, वेगळा धागा काढा. 'किचनच्या आतून'. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

पडवीतला म्हातारा

मी या प्रकाराला जेवण म्हणत नाही. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, आपलं आपण वाढून घ्यायचं, दहा चवी एकमेकींत कालवायच्या. आमच्या पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, अळूचं फदफदं. मग वरण-भात, त्यावर तूप. काय कशानंतर खायचं याचा विचार आधीच्या लोकांनी करून ठेवला होता. आणि पानात टाकायची कोणाची छाती नव्हती. परवा नातवाच्या मित्राच्या मुंजीत बुफे होता, उष्ट्याच्या टबात अर्धे गुलाबजाम तरंगत होते. चौदाशे रुपयांत आमच्याकडे अख्खं कुटुंब चार दिवस जेवेल.

मिरगाचा पाऊस

काका, टाकण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण हल्ली पंगतीतही आग्रह करकरून पानात जिलब्या पडतात, त्या कुठे जातात?

माझा प्रश्न वेगळा. आम्ही चाकरमानी, या वर्षी मे मध्ये रजा नाही. जुलैत यायचं म्हणतोय. पावसात असा बुफे करण्यात अर्थ आहे का? मासे मिळतील का चांगले?

भाट्याची वाळू

@पडवीतला म्हातारा, काका, रागावू नका, पण पंगतीचं कौतुक बसणाऱ्यांचं. वाढणाऱ्या बायका बसायच्या शेवटच्या पंगतीला. तोवर कोशिंबिरीचं पाणी झालेलं, फदफदं तळाला गेलेलं, वरण पुन्हा उकळून घट्ट. आई तर खानावळीतही शेवटचंच जेवायची, तेही ओट्याशी उभ्याने. मी म्हटलं होतं ना नंतर लिहीन, ते हेच. फणसाची भाजी तिने आयुष्यभर केली. फणस फोडायचा, हाताला तेल लावून चीक सोडवायचा, आठळ्या वेगळ्या करायच्या. ती भाजी दुसऱ्याने केलेली, गरम, बसून, कोणाला काय हवं नको याकडे लक्ष न देता खायला मिळाली. नवऱ्याला जे 'घरचंच' वाटतं ते तिच्यासाठी घरचं नव्हतंच. घरी ती भाजी करायची, खायचे बाकीचे.

टाकलं मात्र कोणी नाही. लेकीने पेस्ट्री अर्धी ठेवली ती मावशीने संपवली, वर "कडू आहे गो" म्हणाली.

पडवीतला म्हातारा

शेवटच्या पंगतीचा मुद्दा मान्य. आमच्या घरातही तसंच होतं. बाकी मत कायम.

तव्यावरचा धूर

@मिरगाचा पाऊस, आपल्याकडे यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम आणि दर्या खवळलेला, दोन्ही कारणं. तेव्हा जुलैत बुफेत जी सुरमई दिसेल ती बर्फातली, किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेली. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, आपली चालू असताना त्यांची उठते. खराब असते असं नाही, पण ताजी सुरमई खायची म्हणून पुण्या-मुंबईहून येणार असाल तर ऑगस्ट गेल्यावर या. सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम. फक्त मध्ये श्रावण-गणपती आले की निम्मी गिऱ्हाइकं शाकाहारी होतात, मग हॉटेलवालेही मासळी कमी लावतात.

जुलैत आलातच तर बुफे विसरा आणि खाडीचं काय मिळतं ते विचारा. पहिल्या पावसात चढणीचे मासे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मिळतात, ते कुठल्या हॉटेलच्या लाइनीत लागत नाहीत. त्यासाठी गावात कोणीतरी ओळखीचं असावं लागतं.

दर्यावर्दी

चढणीचे मासे! आता गप बसा. माका कामाक जावचा हा.

फणसगरा

अवांतर: जुलैत शाकाहारी लोकांची मजा असते. टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं संपत आलेली. पण हेही बुफेत नसतंच. हॉटेलवाल्यांना पनीरच्या पलीकडे शाकाहारी माणूस दिसत नाही का? धूर, हा तुम्हाला टोमणा आहे.

तव्यावरचा धूर

लागला. होमस्टेवर टाकळ्याची भाजी करतो मी, खोबरं घालून. पण मोठ्या हॉटेलात रानभाजी लावणं कठीण जातं. रोज तेवढाच माल येईल याची खात्री नाही, निवडायला माणसं लागतात, आणि बाहेरचे पाहुणे 'ही कसली पाला भाजी' म्हणून पुढे जातात. ट्रे तसाच परत येतो. त्यांच्या इथे ओल्या काजूची उसळ लागली याचंच मला कौतुक वाटतंय.

नवी मीठभाकर

वाचनमात्र होते, आज लिहिते. वडील ८२ वर्षांचे, गुडघे दुखतात, दातही धड नाहीत. त्यांना असं एकदा मोठ्या हॉटेलात न्यायची फार इच्छा आहे. पण उठून उठून घेणं त्यांना जमणार नाही. बुफे योग्य होईल का, की सरळ ऑर्डर देऊन जेवावं?

भाट्याची वाळू

नक्की न्या. मावशीचेही गुडघे तसेच आहेत. आम्ही आदल्या दिवशी फोन करून लाइनीजवळचं टेबल सांगून ठेवलं होतं, पायऱ्या किती तेही विचारलं. तिला एकदाच हाताला धरून सगळं दाखवून आणलं, म्हणजे काय काय आहे ते तिच्या डोळ्यांनी पाहिलं. नंतर ती बसून सांगायची आणि लेक आणून द्यायची. बसल्या जागी ताट आणून देऊ नका, एकदा तरी बघू द्या. निम्मी गंमत बघण्यातच आहे.

मऊ खायला बरंच असतं: घावणे, सांदण, डाळ, भात, कस्टर्ड. बांगडा मात्र तुम्ही काटे काढून द्या. आणि साडेबाराला उघडतं तर साडेबारालाच हजर राहा. दीडनंतर बसेस येतात, मग लाइनीत ढकलाढकली होते.

हिशेबनीस

ज्येष्ठांना काही ठिकाणी सवलत असते, पण आपणहून सांगत नाहीत. टेबल ठरवतानाच विचारा, बिल आल्यावर नाही.

नवी मीठभाकर

सगळ्यांचे आभार. फोन केला. लाइनीजवळचं टेबल मिळालं, पायऱ्या चार आहेत पण बाजूने उतार आहे. ज्येष्ठांना सवलत नाही म्हणाले. मी विचारलं, आमरस आहे का, तर म्हणाले पुढच्या रविवारपर्यंत नक्की. वडिलांना सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "माझं ताट कोण धुणार?"

ओला नारळ

काकांना सांगा, ती काळजी चौदाशेमध्ये धरलेली आहे.